एअरबस महिनाभर हँगरमध्येच राहू दे

तुझी हकीकत वाचली. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ हा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम नुकताच घेतलायस, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून मुंबईला एअरबस ए३२० नेतोस आणि शेवटच्या दोन मिनिटांत दरवेळी माती होते. वर विचारतोयस, योक (विमानाचं स्टिअरिंग) घेऊ की जॉयस्टिक.

मीही बारा वर्षांपूर्वी जंबोनेच सुरुवात केली होती, त्यामुळे हसत नाहीये. पण एअरबसची गंमत अशी की ती ट्रिम (स्टिक धरून न ठेवता नाक हवं तिथे ठेवणारी सोय) स्वतःच लावते. म्हणजे जी गोष्ट आधी हाताला कळायला हवी, तीच ती तुला शिकू देत नाही. सेसना १७२ घे. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं विमान, पण शिकाऊ पायलट आजही त्यावर हात बसवतात. हळू चालतं, चुका पोटात घालतं.

पहिले दोन दिवस लँडिंगचं नावही काढू नकोस. ३,००० फुटांवर विमान सरळ धर, पॉवर २,३०० आरपीएमच्या आसपास ठेव आणि वेग स्थिर होईपर्यंत थांब. स्टिक हाताने दाबून धरावी लागतेय ना? आता ट्रिम थोडी थोडी फिरव, स्टिकवरचा जोर जाईपर्यंत. हात सोड. विमान तसंच चालत राहिलं तर जमलं. मग स्टिकला न शिवता फक्त पॉवर कमी कर. नाक आपसूक खाली जाईल, विमान उतरायला लागेल, पण वेगाचा काटा थोडा डुलून जवळपास जुन्याच जागी येईल. ट्रिम उंची नाही, वेग धरून ठेवते. हे मला कळायला सहा महिने लागले, कारण मी सगळं स्टिकने ओढूनताणून करत होतो.

मग लोहगावलाच घिरट्या. (खऱ्या लोहगावात हवाई दलाचा तळ आहे, तिथे तुझी सेसना अशी कोणी फिरू देणार नाही. हे सुख इथलंच.) रनवे २८ वरून निघ. ५५ नॉट्सला नाक उचल, विमान डावीकडे ओढेल, उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) दे. डावीकडे वळून पुन्हा डावीकडे वळलास की खाली विमाननगर, खराडी आणि डाव्या खिडकीत रनवे. पुढे वाघोलीवरून वळून समोर यायचं, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण, वेग ६५ नॉट्स. रनवेशेजारी चार दिवे असतात, त्यांचं नावच पापी. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही लाल म्हणजे तू फार खाली आहेस. खाली असशील तर नाक वर ओढू नकोस, पॉवर दे. तुझी एअरबस शेवटी आपटते ती बहुधा इथेच.

उंचीचा काटा समुद्रसपाटीपासून मोजतो, हे मात्र डोक्यात ठेव. लोहगाव विमानतळच १,९४२ फुटांवर आहे, म्हणजे ३,००० दिसतात तेव्हा पायाखाली जेमतेम हजार. मी एकदा ३,५०० वर ढगातून खडकवासल्याकडे ऐटीत निघालो आणि थेट सिंहगडात घुसलो. गड सुमारे ४,३०० फुटांवर, नकाशात बघायचे कष्ट कोण घेणार!

राहिली खरेदी. योक नको. मूठ पिळून रडर चालणारी साधी जॉयस्टिक घे, सेकंडहँड मिळाली तरी चालेल, आणि तिच्या दोन बटणांना ट्रिम लावून टाक. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, मी विचारत फिरलो तेव्हा सगळ्यांनी गेमपॅडच पुढे केला; शेवटी ऑनलाइन मागवली. तुझ्या सिम्युलेटरमधला बराचसा देखावा नेटवरून येतो, त्यामुळे हॉस्टेलचं वायफाय रडत असेल तर पुणं ओळखूसुद्धा येणार नाही. तोवर फ्लाइटगिअर हा दुसरा सिम्युलेटर फुकट आहे, एक्स-प्लेन या तिसऱ्याचा डेमोही. सरावाला दोन्ही पुरतात.

घिरट्या सलग दहा नीट झाल्या की मुंबईला जा, पण सेसनानेच. पाऊण तासाचा रस्ता आहे. ५,५०० फुटांवर राहा, म्हणजे वाटेतले डोंगर पायाखाली राहतील. लोणावळा मागे पडलं की जमीन एकदम दोनेक हजार फूट खाली जाते. तिथे स्टिक ढकलू नकोस, पॉवर काढ.