संकासुर आमच्यातून का आला?

प्रिय बाय,

परवा तू फोनवर विचारलंस ते अजून डोक्यात घोळतंय. देवळातल्या काल्यात, म्हणजे आपल्या गोव्यातल्या देवाच्या नाटकात, संकासुर राक्षस पडद्यामागून न येता थेट लोकांतून धावत आला आणि तू आजीच्या पदरात तोंड लपवलंस. पुढच्याच आठवड्यात शाळेत तुम्हाला व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, चष्मा लावायला दिला, तर चारी बाजूंनी समुद्र. "बाबा, आपल्या लोकांकडे तो चष्मा नव्हता, म्हणून ते असं धावत यायचे का?"

नाही गं. मला वाटतं, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

मे महिन्यात तू इथे नेदरलँड्समध्ये हेगला आलीस तेव्हा आपण ते गोल चित्र पाहिलं होतं. चित्रकार मेसदाग, साल १८८१. उंची सुमारे १४ मीटर आणि घेर १२० मीटर. काळोखातून जिना चढून वर गेलो तर आपण एकदम वाळूच्या टेकडीवर, खाली किनारा आणि मासेमारीच्या होड्या. चित्र कुठून सुरू होतं ते कळू नये म्हणून पुढ्यात खरी वाळू पसरलेली. तू विचारलंस, "खाली उतरूया?" उतरता येत नाही. तिथे फक्त बघायचं. तुझा चष्माही त्याच कुळातला. १९६८ मध्ये अमेरिकेत इव्हान सदरलंड यांनी असं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आपण जिथे नाही तिथे आहोत असं वाटायला लावायचं, हे त्याचं काम. मला ते आवडतं. त्या टेकडीवरून माझाही पाय निघत नव्हता.

आपल्या काल्यात आपण जिथे असतो तिथेच राहतो, गोष्टच तिथे येते. संकासुर ब्रह्मदेवाचे वेद पळवून समुद्रात दडतो, मग विष्णू मत्स्यावतार घेऊन त्याला मारतो. आता देवळाच्या अंगणात समुद्र कुठला? माझे आजोबा म्हणायचे, "आपण बसलोत ना, तोच समुद्र." म्हणून तो आपल्यातूनच येतो. तू घाबरलीस तेव्हा तू त्या समुद्रातली एक लाट होतीस, बाय.

शिगम्यातही तेच. मांडावर, म्हणजे खेळ मांडतात त्या पवित्र जागेवर, पाय ठेवायच्या आधी चपला बाहेर काढतात, आधी नमन होतं, मग बाकी सगळं. एरवी ती साधी मोकळी जागा. आजीला विचार, तिच्या लहानपणी मांडावर कोण कुठे उभं राहायचं. ती तासभर सांगेल. आणि एक ऐकून ठेव: शेजारचे काका घरात कोंकणी बोलतात, पण काल्यातली पदं मराठीत म्हणतात. त्यांना कधी शब्द अडत नाही. आपली मराठी गोव्यात अशी देवळांतून, नाटकांतून, आरत्यांतून राहिली आहे. मी इथे एकटा स्वयंपाक करताना तीच पदं म्हणतो.

आता त्रिपुरारी पौर्णिमा आली. साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर त्रिपुरासुराचा वध दाखवतात. दिवे लावलेल्या होड्या पाण्यात सोडतात, काठावर माणसांची ही गर्दी. चष्म्यातल्या समुद्रात तू काही सोडू शकत नाहीस, इथे तुझी होडी खरंच वाहत जाते आणि कधीकधी उलटतेही. मी तुझ्याएवढा असताना माझी पहिल्याच वळणावर विझली होती. घरी येईपर्यंत मी रडत होतो, आणि आजोबांनी मला खांद्यावर घेतलं होतं.

यंदा केळीच्या खुंटाची कर, ती तरंगते. पणती मधोमध ठेव, कडेला नको. काठ निसरडा असतो, आजीचा हात सोडू नकोस. होडी कुठपर्यंत गेली ते त्याच रात्री कळव, इथे किती वाजलेत ते बघू नकोस.

तुझा,
बाबा