दुसरं महायुद्ध संपल्यावर उरलेल्या लाखो रायफलींचं पुढे काय झालं?

काही वितळवल्या, काही समुद्रात बुडवल्या, पण बऱ्याचशा पुढची कित्येक वर्षं वापरात राहिल्या. जर्मनांची के-९८ माउझर रायफल नॉर्वेच्या सैन्याने वापरली आणि चेकोस्लोव्हाकियातून ती १९४८ मध्ये इस्रायललाही मिळाली. अमेरिकेत तर जुन्या रायफली टपालाने घरपोच यायच्या. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर जिच्यातून गोळ्या झाडल्या, ती इटालियन कार्कानो रायफल अशीच मागवलेली होती. १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री बंद झाली.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. पुण्यात एनसीसीत असताना खांद्यावर जी जड थ्री-नॉट-थ्री घेऊन आम्ही परेड करायचो, ती याच महायुद्धातली ब्रिटिश ली-एनफिल्ड. चार किलोची ती रायफल तासभर पेलली की खांदा भरून यायचा. १९६२ मध्ये चीनसमोर आपले जवान हीच बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावा लागणारी रायफल घेऊन उभे होते. पुढे सैन्याने ती सोडली, पण पोलिसांकडे ती राहिलीच. २६/११ ला सीएसएमटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात तीच होती, हे आठवलं की आजही जीव तुटतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला थेट २०२० मध्ये निरोप दिला.

आजोबांची थ्री-नॉट-थ्री घरी ठेवता येईल का, असंही काही जण विचारतात. नाही. ते प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून तर नागरिकांसाठी आयुध कारखान्यांनी .३१५ बोअरची वेगळी रायफल काढली. घरात जुनी रायफल सापडलीच, तर हात न लावता आधी पोलीस ठाण्यात कळवा.