सोळाव्या वर्षी सैन्यभरती कशी होते?

प्रश्न : १८ वर्षांखालील मुलांना सैन्यात घेण्यास आंतरराष्ट्रीय कायद्याने मनाई आहे, अशी माझी समजूत होती. मग ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी भरती कशी होते? आणि कमाल वयाचाही असा काही जागतिक नियम आहे का?

उत्तर : सैन्यात भरती होणे आणि प्रत्यक्ष लढाईत उतरणे या दोन गोष्टींचा कायदा आज वेगवेगळा विचार करतो. १९८९च्या बालहक्क संहितेत दोन्हींसाठी १५ वर्षांचीच मर्यादा होती. ती फार कमी असल्याची टीका झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००० साली पूरक करार संमत केला आणि २००२मध्ये तो अमलात आला. या करारानुसार १८ वर्षांखालील कोणाचीही सक्तीने भरती करता येत नाही. मात्र सरकारी सैन्यात स्वेच्छेने येणाऱ्यांना सोळाव्या वर्षापासून घेण्याची मुभा आहे, आणि त्यासाठी पालकांची संमती, वयाचा खात्रीलायक पुरावा व सैनिकी कर्तव्यांची पूर्ण कल्पना या अटी पाळाव्या लागतात. सरकारबाह्य सशस्त्र गटांना ही मुभा मुळीच नाही.

ब्रिटनमधील भरती याच मुभेखाली होते. अशा तरुणांना अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंत लढाईपासून दूर ठेवण्यासाठी ‘शक्य ते सर्व उपाय’ योजावेत, एवढेच करार सांगतो. आणि तो स्वीकारताना ब्रिटनने, खरीखुरी लष्करी गरज असेल व त्यांना तुकडीतून काढून घेणे व्यवहार्य नसेल तर, त्यांना पाठवण्याची वाट मोकळी ठेवली. माझ्या मते वयाच्या आकड्यापेक्षा ही शब्दयोजनाच अधिक चिंतेची आहे. १५ वर्षांखालील मुलांबाबत मात्र संदिग्धता नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या कराराने स्थापन झाले त्या रोम संविधीनुसार त्यांची भरती हा युद्धगुन्हा आहे, आणि या न्यायालयाने पहिल्यांदा कोणाला दोषी ठरवले, ते याच गुन्ह्यासाठी : २०१२ साली काँगोतील सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

कमाल वयाचा जागतिक नियम नाही. प्रशिक्षणावर खर्च केल्यानंतर किती वर्षे सेवा मिळेल आणि शरीर किती साथ देईल, याचा हिशेब करून प्रत्येक देश ती मर्यादा ठरवतो. म्हणूनच डॉक्टरांसारख्या तज्ज्ञांसाठी ती अनेकदा शिथिल होते. मनुष्यबळाची चणचण भासली की ती सर्वांसाठीही वाढते. इराक युद्धाच्या काळात, २००६मध्ये, अमेरिकेच्या लष्कराने ती ४२ वर्षांपर्यंत नेली आणि २०११ साली पुन्हा ३५वर आणली.