हलक्या कोळशावरचा प्रोजेक्ट घ्यावा का?

प्रश्न : मी केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रेशराइज्ड फ्लुइडाइज्ड बेडमध्ये हलक्या प्रतीचा कोळसा जाळल्यावर होणारे उत्सर्जन, असा प्रोजेक्टचा विषय मिळतो आहे. यात पुढे करिअर आहे का?

उत्तर : विषय जरूर घ्या, पण नोकरी याच तंत्रात मिळेल असे धरून चालू नका. प्रेशराइज्ड फ्लुइडाइज्ड बेडची, म्हणजे दाबाखाली, खालून हवा फुंकून तरंगत्या ठेवलेल्या कणांच्या थरात कोळसा जाळणारी वीजकेंद्रे जगात मोजकीच उभी राहिली. स्पेनमधले एस्कात्रोन, जपानमधले कारिता ही त्यांतली दोन. मात्र इथे शिकलेले बायोमास आणि कचरा जाळणाऱ्या बॉयलरवर थेट उपयोगी पडते.

आधी गंधकाचा हिशेब पक्का करा. कोळशात ४ टक्के गंधक असेल, तर किलोमागे ४० ग्रॅम गंधक आणि त्यातून ८० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. हा गंधक पकडायला बेडमध्ये चुनखडी घालतात. तिच्यातले कॅल्शियम आणि गंधकाचे मोल-गुणोत्तर २ ठेवले, तर किलोभर कोळशाला पाव किलो शुद्ध चुनखडी लागते. म्हणजे राखेचा बोजा आणखी वाढला. खरी गंमत दाबात आहे. साध्या दाबाला ८५० अंश सेल्सिअसवर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कण सच्छिद्र होतो, म्हणजे गंधकाला आत शिरायला वाट मिळते. १२ बारच्या आसपास त्याच वायूचा आंशिक दाब इतका चढतो की चुनखडीचे विघटनच होत नाही. डोलोमाइट या कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटच्या दगडातला मॅग्नेशियमचा भाग मात्र तेव्हाही विघटित होतो, छिद्रे मोकळी होतात. म्हणून दाबाच्या बेडमध्ये डोलोमाइटला पसंती मिळते.

नायट्रोजनकडे जास्त लक्ष द्या. या तापमानाला हवेतला नायट्रोजन जवळपास जळत नाही, नायट्रोजन ऑक्साइड (NOx) येतात ते कोळशातल्या नायट्रोजनमधून. ते आणखी घटवायला बेड थंड ठेवला की नायट्रस ऑक्साइड (N₂O) हा वेगळा वायू वाढतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. तो न मोजता ‘उत्सर्जन कमी’ असा निष्कर्ष काढणे मला अजिबात मान्य नाही.

आकडे बहुधा सॅम्पलिंगमध्ये बिघडतात. सॅम्पल लाइन थंड राहिली तर साचलेल्या पाण्यात सल्फर डायऑक्साइड विरघळतो आणि रीडिंग कमी येते. ओला वायू पिशवीत साठवून ठेवला, तर आत नायट्रस ऑक्साइड नव्याने तयार होतो. शिवाय प्रत्येक आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर आणा : ९ टक्क्यांना घनमीटरमागे ३०० मिलिग्रॅम मिळाले, तर ३०० गुणिले १५ (२१ वजा ६) भागिले १२ (२१ वजा ९), म्हणजे ३७५; २१ हे हवेतल्या ऑक्सिजनचे टक्के.

होकार देण्यापूर्वी गाइडना दोन गोष्टी विचारा : सॅम्पल लाइन तापवलेली आहे का, आणि नायट्रस ऑक्साइड मोजणारा अ‍ॅनालायझर आहे का. दोन्ही नसतील, तर विषय गंधक शोषणापुरता मर्यादित करून घ्या आणि बेडची राख तपासून गंधकाचा ताळेबंद जुळवा.