डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका वठवायच्या खेळात विझार्डला, म्हणजे जादूगार पात्राला, जादूचा रोब (झगा) आणि क्लोक (खांद्यावरून पांघरायचं वस्त्र) एकावर एक घालता येतात का? आणि दोन्हींपैकी आधी कोणता घ्यावा?

येतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, नाही म्हणाला तर त्याला हे उत्तर दाखवा.

२०१४ च्या डीएम गाइडमध्ये, म्हणजे डीएमसाठीच्या नियमपुस्तकात, यादीच दिलीय: पायात एकच जोड, हातमोज्यांचा एक जोड, मनगटपट्ट्यांचा एक जोड, एक चिलखत, डोक्यावर एक वस्तू आणि एक क्लोक. या यादीत रोब नाहीच. उलट डीएमला अपवाद करता येतो म्हणून तिथेच जी उदाहरणं दिलीत त्यात एक दोन क्लोक एकावर एक घालण्याचं आहे. दोन क्लोक चालत असतील तर रोबवर क्लोक का चालू नये? खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत तर वादच नव्हता, रोबची जागा अंगावर आणि क्लोकची खांद्यावर.

एवढं सगळं मला पाठ आहे याचं कारण आमचा डीएम. सोलापुरात अशोक चौकाजवळ एका मित्राच्या माडीवर आमचा खेळ चालायचा. माझ्या विझार्डला रोब ऑफ यूजफुल आयटम्स मिळाला होता. अंगभर कापडाची ठिगळं असतात त्यावर. एक ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्चून ठिगळ ओढलं की त्यावरची वस्तू खरी होते. माझ्या नशिबाने एक ठिगळ लोखंडी दाराचं आलं. पुढे क्लोक ऑफ प्रोटेक्शन हाती लागला, तर डीएम म्हणाला, दोन्ही बाहेरचे कपडे, एकच घाल. बाकीचे म्हणाले, एसी (वार चुकवायचा आकडा) आणि सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायचा फासा) अधिक एक मिळतोय, क्लोकच घाल बे. रोब गेला पिशवीत.

त्याच रात्री तळघरात घूल (प्रेतं खाणारे राक्षस) मागे लागले. बोळ दहा फूट रुंद, दहा फूट उंच. ते दार तेवढ्यापर्यंत मोठं होतं, वर स्वतःच बिजागऱ्यांसकट चौकटीत बसतं आणि हवा त्या बाजूने अडसर लागतो. पण ठिगळ ओढायला रोब अंगावर हवा! डीएमचा हिशोब: पिशवीतून काढायला एक ॲक्शन, घालायला एक, ओढायला एक. तोवर घूलच्या नखांनी आमचा क्लेरिक, म्हणजे पुजारी पात्र, लुळा पडला होता. पुढचं सांगत नाही. ते कॅरेक्टर आम्ही दुसऱ्या लेव्हलपासून वाढवलेलं.

मला राग तो क्लेरिक गमावल्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आहे. हा डीएम सोलापूरचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी घालून चालतो. माझी आई शिवणकाम करते, बाराबंद्या आमच्याच घरी शिवल्या जातात. बटण एकही नाही, बंदांच्या गाठी मारायच्या, नि गाठ सैल राहिली की आईचा आवाज येतो. परतताना थंडी वाजली की हाच पठ्ठ्या त्या बाराबंदीवर चादर गुंडाळून घेतो. तेव्हा नाही वाटत दोन्ही बाहेरचे कपडे आहेत म्हणून? चादरींच्या गावात राहून अंगावर दोन थर बसत नाहीत म्हणायचं म्हणजे कमाल आहे. हे त्याला तेव्हाच बोललो होतो, तर म्हणे, 'खेळ थांबवू नको, नंतर पुस्तकात बघतो.' आता तो पुण्यात असतो. अजून बघतोयच.

तर आधी रोब ऑफ यूजफुल आयटम्स घ्या. त्याला अट्यूनमेंट (वस्तूशी जादूचं नातं जोडणं) लागत नाही, म्हणजे त्यासाठीच्या तीनपैकी एकही जागा अडत नाही. क्लोक ऑफ प्रोटेक्शनला लागतं. खंजीर, कंदील, आरसा, काठी, दोर, पोतं प्रत्येकी दोन ठरलेलेच, वर चार डी-फोर (चार बाजूंचे फासे) टाकून येतील तेवढी आणखी ठिगळं. अधिक एक घेऊन मॉन्स्टरसमोर उभं राहण्यात कसली गंमत आहे?

हां, ठिगळं संपली की तो साधा झगा उरतो, आणि क्लोकचा अधिक एक शेवटपर्यंत राहतो, हेही खरं. आणि माझं हे सगळं चिलखत न घालणाऱ्या विझार्डसाठी आहे. चिलखतावर रोब घालायचा असेल तर ३.५ मध्ये दोघांची जागा एकच होती, म्हणून तिथे तुमच्या डीएमशी तुम्हीच भांडा.