बोटीवर नोकरी लागली आहे, तिकीट कंपनी काढणार. विमान प्रवासाचे माइल्स मला मिळतील का? सुरुवात कशी करायची?

मिळतील. माइल्स म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी देते ते पॉइंट, साठले की त्यांवर तिकीट काढता येते. तिकिटाचे पैसे कोणीही भरोत, माइल्स जमा होतात विमानात बसलेल्याच्या नावावर. आमच्या गोव्यात, पेडणे-बार्देशात वाड्यावाड्यावर बोटीवर जाणारी माणसे आहेत. दर कंत्राटाला जाऊन-येऊन लांबचा प्रवास होतो, तरी कित्येकांच्या खात्यात काही नसते, कारण एजंटाने पाठवलेल्या तिकिटात मेंबरशिप नंबर घालायचा हे कोणी सांगितलेलेच नसते.

कंपनी बहुतेक कुठल्या विमानाने पाठवते, हे आधीच्या मुलांना विचारा. गोव्याच्या मोपा विमानतळावरून कतार एअरवेजने दोहामार्गे जाणार असाल, तर त्यांच्या प्रिव्हिलेज क्लबचे खाते उघडा. तिथे माइल्सना एव्हिओस म्हणतात. ब्रिटिश एअरवेजकडेही एव्हिओसच चालतात आणि दोन्ही खाती जोडता येतात. मुंबईहून लुफ्तान्सा, टर्किश किंवा सिंगापूर एअरलाइन्स पकडायची असेल, तर एअर इंडियाचा महाराजा क्लब बरा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे आणि या तिन्ही कंपन्याही त्यातच, त्यामुळे या सगळ्यांचे प्रवास एकाच खात्यात पडतात. इंडिगोचे ब्लूचिप हे निराळे खाते. सगळी खाती फुकटच असतात, पण लांबच्या प्रवासासाठी एकच धरा. पाच ठिकाणी थोडे थोडे साठले तर एकाही ठिकाणी माइल्सवर तिकीट निघत नाही.

खाते उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसेच टाका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे आणि पोर्तुगीज कागदपत्रांत तिसरे! नाव जुळले नाही की माइल्स अडकतात. तिकीट हातात आले की पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक) टाकून विमान कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मेंबरशिप नंबर जोडा. तेही जमले नाही तर चेक-इनच्या काउंटरवर सांगा. माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. राहून गेलेले माइल्स नंतर मागता येतात, पण त्याला मुदत असते.

आता थोडे कडू. तिकिटावर भाड्याच्या वर्गाचे एक इंग्रजी अक्षर असते. माइल्स किती, हे बऱ्याच ठिकाणी त्यावर ठरते. इकॉनॉमीतच शेजारच्याला पूर्ण आणि तुम्हाला चौथा हिस्सा, कधी शून्यही. खलाशांच्या सवलतीच्या तिकिटाचे अक्षर कुठले ते पाहून त्या कंपनीच्या तक्त्यात तपासा. काही क्लब अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर पॉइंट देतात, हेही ध्यानात असू द्या.

माइल्सवर तिकीट काढले तरी कर आणि इतर आकार खिशातूनच जातात, म्हणून माइल्स वापरण्याआधी तेच तिकीट रोखीने केवढ्याला पडते ते बघा. माइल्सना मुदतही असते. कतारचे एव्हिओस ३६ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात.

माइल्स देणारे क्रेडिट कार्ड बँकवाला गळ्यात मारायला बघेल. वार्षिक फी बघता पहिली एक-दोन कंत्राटे तरी थांबा.