हंबकर बसवला, आवाज मात्र दबका

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारवर तीन सिंगल कॉइल (एका कॉइलचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) होत्या. त्यातल्या ब्रिजपाशी (तारा खाली जिथे टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवला. आवाज दबका वाटतो. पावसाळ्यात व्हॉल्यूम फिरवताना खरखरही होते. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुना व्हॉल्यूम पॉट (बटणाखालचा, फिरवून रोध बदलणारा भाग) बहुधा 250 के, म्हणजे 250 किलोओहमचा असेल, तो हंबकरचा ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण स्वर) खातो. 500 के लावा. मग उरलेल्या सिंगल कॉइल टोचऱ्या वाटतील, म्हणून पिकअप निवडायच्या स्विचवर त्यांची तार जिथे जोडली आहे त्या प्रत्येक टोकापासून ग्राउंडला (सर्किटच्या सामायिक परतीच्या जोडणीला) 470 केचा रेझिस्टर जोडा. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ झाला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडतात: हंबकरच्या स्विचला आणि ग्राउंडला जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करा, उघडी शील्डची (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) तार मात्र ग्राउंडलाच ठेवा.

गोव्याच्या दमट हवेत खरखर नवलाची नाही. पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) मारून वीसेक वेळा फिरवा. गंज काढायचं तेल नको.